श्नायडरची एलएक्सडी१ कॉइल: माल चोख, पण एम७ मागू नका

कॉन्टॅक्टर म्हणजे मोटर चालू-बंद करणारा चुंबकी स्विच. श्नायडरच्या टेसिस डी मालिकेतल्या डी०९ ते डी३८ या एसी कॉन्टॅक्टरना बसणारी ही सुटी कॉइल. समोरचे स्क्रू ढिले करून वरचा भाग उचलला की जुनी निघते, नवी बसते. परत लावताना स्प्रिंग तिरकी राहणार नाही एवढं पाहा. ए१-ए२ चे (कॉइलच्या दोन टर्मिनलचे) स्क्रू १.७ न्यूटन-मीटरला आवळा. डीसी कॉन्टॅक्टरचं चुंबक वेगळं असतं, त्यात ही घालायला जाऊ नका.

गडबड दुकानाच्या काउंटरवर होते. "२२० ची कॉइल द्या" म्हटलं की हातात एम७ पडते; पाकिटावरच्या नंबराच्या शेवटचा हा कोड कॉइलचं व्होल्टेज सांगतो, एम७ म्हणजे २२०. या कॉइल ५० हर्ट्झला लिहिलेल्या व्होल्टेजच्या ०.८ ते १.१ पटीत चालतात, म्हणजे एम७ ची वरची हद्द २४२ व्होल्ट. ट्रान्सफॉर्मरजवळच्या कारखान्यात रात्री लोड उतरल्यावर फेज-न्यूट्रल २५० च्या वर गेलं, तर ती कॉइल रात्रभर हद्दीबाहेर भाजत राहते. यू७ म्हणजे २४० व्होल्टची, १९२ ते २६४ पर्यंत चालणारी. आमच्या मते आपल्याकडे हीच घ्यावी. दिवसा व्होल्टेज १९० च्या खाली जात असेल तर आधी सप्लाय सुधारा, कॉइल बदलून भागणार नाही. दोन फेजवर चालणाऱ्या स्टार्टरला ४१५ ची एन७ लागते. तिथे चुकून २४० ची लागली तर उष्णता निदान तिप्पट, आणि धूर निघायला वेळ लागत नाही.

आता "नवी कॉइलही जळाली" या तक्रारीबद्दल. डी०९ ची कॉइल ओढताना, म्हणजे चुंबक खेचून घेताना, सुमारे ७० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) घेते आणि चुंबक पूर्ण बसल्यावर फक्त ७. चुंबक बसलंच नाही तर दहापट करंट वाहत राहतो. म्हणून नवी कॉइल घालण्याआधी चुंबकाची दोन्ही तोंडं कोरड्या फडक्याने पुसा. जिनिंगमध्ये सरकीची लव, पिठाच्या गिरणीत पीठ आणि तेल यांचा थर तिथेच बसतो. कानस मात्र अजिबात लावू नका: मधल्या पायात बारीक फट मुद्दाम ठेवलेली असते, बाजूचे पाय घासले की ती बुजते आणि सप्लाय बंद झाल्यावरही कॉन्टॅक्टर चिकटून राहतो. घरघर आवाज येत असेल तर तोंडावरची तांब्याची शेडिंग रिंग तुटली आहे का पाहा. तुटलेली असेल तर कॉइलवर पैसे घालू नका, कॉन्टॅक्टरच बदला.

व्होल्टेज ए१-ए२ वरच मोजा, आणि तेही कॉन्टॅक्टर ओढत असताना. नुसतं उभं असताना २३० दिसतं आणि ओढताना १७० होतं, असं असेल तर दोष कंट्रोल ट्रान्सफॉर्मरचा, ढिल्या टर्मिनलचा किंवा पुश बटणाच्या काळ्या पडलेल्या कॉन्टॅक्टचा. १०० व्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर असे तीन कॉन्टॅक्टर एकदम ओढले तर हे होणारच.

करंट पाहायचा सोपा मार्ग: कॉइलच्या वायरचे दहा वेढे क्लॅम्प मीटरमध्ये घाला आणि आकडा दहाने भागा. बसलेल्या चुंबकाला साधारण ३० मिलिअँपिअर यायला हवेत. १०० च्या वर असेल तर चुंबक बसलेलं नाही, मग बोटाला कॉइल गार लागो की गरम.

बोटाच्या अंदाजावर तसाही भरवसा नको. निरोगी कॉइलही दोन-तीन वॅट सोडते आणि बंद पॅनेलमध्ये चटका देण्याइतकी तापते. खात्री करायची तर सप्लाय काढून (कंट्रोलचा सप्लाय बहुधा वेगळ्या एमसीबीवरून येतो, तोही काढून) वायर सोडा आणि लगेच ओम मोजा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. थंड असताना ५०० ओम आणि चालवून काढल्यावर ६४० आला, तर कॉइल सत्तरेक अंशांनी तापली आहे. ३० अंशांच्या खोलीत म्हणजे आत शंभरच्या पुढे. थंड असतानाच तशाच चांगल्या कॉइलपेक्षा बराच कमी ओम आला तर आतले वेढे शॉर्ट आहेत, ती टाकून द्या.

डी०९ किंवा डी१२ चे मुख्य कॉन्टॅक्ट खड्डे पडून काळे झाले असतील तर सुटी कॉइल घेण्यात अर्थ नाही, पूर्ण कॉन्टॅक्टर घ्या. डी२५ च्या पुढे, कॉन्टॅक्ट स्वच्छ असतील तर ही कॉइल पैसे वाचवते. फक्त पाकिटावरची शेवटची दोन अक्षरं पैसे देण्याआधी वाचा.