महात्मा फुले मंडई, पुणे: सात रात्रींची भाजी एका फेरीत

आठवड्याची भाजी एकदम आणायची म्हटली की बहुतेकांची अडचण एकच. रविवारी पिशवी भरून येते आणि गुरुवारी निम्मी भाजी मान टाकते. शुक्रवार पेठेतली ही मंडई त्यावर चांगला उपाय आहे. स्वस्ताईपेक्षा तिचा मोठा गुण असा की एकच भाजी कोवळी, तयार, अर्धवट कच्ची अशा सगळ्या अवस्थांत समोर मांडलेली असते आणि हाताने निवडून घेता येते. पाव किलोच्या बंद पाकिटात टोमॅटो सगळे एकाच दिवशी पिकतात. इथे एक किलोत चार लालबुंद, चार केशरी आणि बाकीचे हिरवट असे घेता येतात. लाल दोन दिवसांत संपवायचे, हिरवट फ्रिजबाहेर टोपलीत ठेवायचे, शुक्रवारपर्यंत ते लागतात. गाळ्यावर स्पष्ट सांगावं, ‘निम्मे आजचे द्या, निम्मे चार दिवसांनी लागतील असे.’ मुरलेला विक्रेता स्वतःच विचारतो, ‘ताई, आज करणार का ठेवणार?’

मंडईत शिरण्याआधी सात रात्रींचा क्रम मात्र ठरलेला हवा, आणि तो भाजी किती टिकते त्यावरून लावायचा. रविवारी सकाळी खरेदी धरली तर त्याच रात्री मेथी, सोमवारी भेंडी, मंगळवारी गवार, बुधवारी भरली वांगी आणि भाकरी, गुरुवारी मटकीची उसळ, शुक्रवारी दुधी-चणाडाळ, शनिवारी कोबी-बटाटा. चौघांच्या घराला मेथीच्या दोन गड्ड्या, भेंडी आणि गवार अर्धा-अर्धा किलो, लहान वांगी आठ-दहा, पाऊण किलोच्या आतला एक दुधी आणि एक लहान कोबी एवढं पुरतं. शिवाय कांदे दोन किलो, बटाटे दीड किलो, मिरच्या आणि आलं शंभर-शंभर ग्रॅम, लिंबं सहा, कोथिंबिरीच्या दोन गड्ड्या. गुरुवार मुद्दाम कडधान्याचा ठेवलाय. तोवर एखादी भाजी खराब निघाली तर तिची जागा उसळ घेते आणि मधेच बाजारात पळावं लागत नाही. पाव किलो कोरडी मटकी मंगळवारी रात्री भिजवायची, बुधवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत मोड येतात, मग डबा फ्रिजमध्ये. थंडीत गुरुवार दुपारपर्यंत बांधूनच ठेवायची.

१८८६ सालची ही अष्टकोनी मनोऱ्याची दगडी इमारत पूर्वी रे मार्केट म्हणून ओळखली जायची. मुख्य इमारतीतले गाळे आणि बाहेर बसणारे विक्रेते असे दोन्ही पाहून घ्यावं. कांदे-बटाटे आधी घेऊन पिशवीच्या तळाशी घालायचे आणि पालेभाजी सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलटं करतो, कारण हिरवीगार रास आधी डोळ्यात भरते, आणि घरी पोचेपर्यंत मेथीचा लगदा होतो.

पालेभाजीवर दिवसभर पाणी मारलेलं असतं. वरची गड्डी टवटवीत दिसली तरी दोरा बांधलेल्या जागी बोट घालून पाहावं. तिथे पानं चिकट किंवा काळपट लागली तर ती गड्डी उद्यापर्यंत टिकणार नाही. घरी आल्यावर आधी दोरा सोडायचा. कोथिंबीर न धुता, मुळं कापून, कोरड्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवली तर आठवडा काढते. धुऊन ठेवली की तिसऱ्या दिवशी वास मारते. भेंडीचंही तसंच, ओलसर राहिली की बुळबुळीत होते, म्हणून आधी पुसायची. दुधीला नख मारलेलं विक्रेत्यांना आवडत नाही आणि त्याची गरजही नाही. सालीवर बारीक लव असेल तर दुधी कोवळा. वांगं हिरव्या देठाचं, चकचकीत आणि आकाराच्या मानाने हलकं घ्यावं. जड निघालं तर आत बिया भरलेल्या असतात. कांदे-बटाटे एकाच टोपलीत ठेवू नयेत, बटाट्यांना लवकर कोंब फुटतात.

बुधवारच्या भाकरीसाठी ज्वारीचं पीठ ताजं दळलेलं, आठवड्यापुरतं एक किलोच आणावं. चौघांच्या आठ भाकऱ्यांना साधारण अर्धा किलो लागतं, उरलेलं आठवड्यात आणखी एकदा होतं. जास्त दिवस पडून पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की भाकरी थापताना कडेने चिरते. असं पीठ घरात असेलच तर उकळत्या पाण्यात उकड काढून मळावं, बऱ्यापैकी सावरतं.

उणी बाजू म्हणजे वाहन. चारचाकी आणायचा विचारच करू नये आणि रविवारी दुचाकीलाही जागा शोधावी लागते. २०२४ मध्ये मेट्रोचं मंडई स्थानक सुरू झाल्यापासून ही अडचण बरीच हलकी झाली आहे, पण मग दहा-बारा किलो हातात धरून चालायची तयारी हवी. दोन मजबूत कापडी पिशव्या आणि वजन दोन्ही हातांत सारखं वाटलेलं, एवढं केलं की जमतं. गर्दी टाळायची तर सकाळी लवकर जावं. रात्री उशिरा पालेभाजीचा भाव उतरतो, पण ती त्याच रात्री निवडून दुसऱ्या दिवशी संपवायची असेल तरच घ्यावी.

पावसाळ्यात हा क्रम बदलावा लागतो. मेथी-पालक चिखलाने भरलेले आणि महाग असतात, फ्लॉवरमध्ये अळ्या निघतात. तेव्हा रविवारची पालेभाजी गाळून तिथे पडवळ किंवा दोडका घ्यावा आणि उसळ आठवड्यातून दोनदा करावी. फ्लॉवर आणलाच तर तुरे मोकळे करून पंधरा मिनिटं मिठाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवावेत, अळ्या वर येतात.