मातीच्या धरणाचं काम देताय? आधी माझी फसवणूक कशी झाली ते वाचा

शेताच्या वरच्या अंगाला, ओढ्यावर, मी स्वतःच्या खर्चाने सिंचनासाठी मातीचं छोटं धरण बांधून घेतलं. ठेकेदाराने मला फसवलं. बांध दिसायला देखणा होता. माथा सपाट, उतार चोपून काढलेले, पाण्याकडच्या अंगाला दगडाचं पिचिंग. वरून बघून कोणालाच काही कळलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

तोंडी ठरलं होतं ते असं. पायात कठीण थर लागेपर्यंत खंदक खणायचा आणि चिकणमातीने भरायचा. त्यावर मधोमध चिकणमातीचा गाभा, दोन्ही बाजूंना मुरूम. माती 15-20 सेंटिमीटरच्या थरांनी पसरायची, पाणी मारायचं, रोलरने दाबायची, मगच पुढचा थर. खंदकाचा फोटो त्याने मोबाइलवर पाठवला, माती तपासणीचा अहवालही दिला. तेवढ्यावर मी हप्ते सोडत गेलो. फोटोत जेमतेम 10 फुटांचा तुकडा दिसतो आणि अहवालावर जागेचा उल्लेखच नाही, हे नंतर लक्षात आलं.

पहिल्याच पावसाळ्यात पाणी निम्म्यावर चढलं आणि खालच्या पायथ्याला ओल फुटली. ठेकेदार म्हणाला, "मातीचं धरण आहे, पाझरणारच. आपोआप बंद होईल." मातीचं धरण थोडं पाझरतं हे खरंच आहे, म्हणून मी गप्प बसलो. तीन दिवसांनी, पाणी सोडायचा पाइप जिथे बाहेर येतो तिथे, पाइपाच्या कडेने बोटाएवढी धार लागली. ती काचेच्या बाटलीत धरून ठेवली. तासाभरात तळाशी नखाएवढ्या जाडीचा गाळ बसला. पोटातली माती पाण्याबरोबर बाहेर येत होती! असं पाणी बांधात आतून बोगदा कोरत जातं. अमेरिकेतलं टेटन धरण 5 जून 1976 ला, पहिल्यांदाच भरत असताना, असंच गेलं. सकाळी गढूळ पाणी दिसलं आणि दुपारी बाराच्या आत धरण फुटलं.

आमच्या धरणाखाली वस्ती आहे. आधी ती माणसं हलवली. मग पंप आणि सायफन लावून पाणी उतरवलं, उतारावर सतत नजर ठेवून, कारण पाणी झपाट्याने उतरलं की आतल्या अंगाचा भिजलेला उतार घसरू शकतो. त्या रात्री कोणाच्याच डोळ्याला डोळा लागला नाही.

नंतर अभियंत्याला घेऊन बांध कापला. वरचे दोन फूट विटेसारखे कडक. त्याखाली कुदळीची गरजच पडली नाही, ढेकळं हाताने निघत होती. मधूनच गवताचा अख्खा ठोंब, मुळांसकट. टिपर ओतायचे, माती सपाट करायची आणि रोलर फक्त शेवटी माथ्यावर फिरवायचा, असं काम झालं होतं. पाइपाखाली माती दाबलेलीच नव्हती. तिथे माझा हात कोपरापर्यंत आत गेला. खंदक होता तो फोटोतल्या तेवढ्याच जागी. सांडवाही नकाशापेक्षा अरुंद. "पाणी जास्त साठेल" असं त्याने सांगितलं तेव्हा मला ते पटलं होतं. पण पूर सांडव्यातून निघाला नाही तर माथ्यावरून वाहतो, आणि मातीचा बांध त्यापुढे टिकत नाही.

तुमचं काम चालू असेल तर खंदक बुजवण्याआधी आत उतरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जा. दाबलेल्या थराची घनता जागेवर मोजून घ्या. नमुना तुम्ही नेमलेल्या अभियंत्याने काढायचा, ठेकेदाराच्या माणसाने नाही. पाइपाभोवतीची दबाई समोर उभं राहून करून घ्या. धरण एकदा पूर्ण भरून कोरडा पायथा दिसेपर्यंत मोठी रक्कम हातात ठेवा.

मी दाव्याची तयारी करतोय. बाटली, फोटो, कापलेल्या बांधाचं चित्रण, सगळं जपून ठेवलंय. अडलंय ते करारापाशी. त्यात "मजबूत मातीकाम" एवढंच लिहिलंय. खंदकाची खोली, थराची जाडी, दबाईची घनता, यातला एकही आकडा नाही, आणि वकील पहिल्यांदा तेच विचारतात.