निघोजच्या रांजणखळग्यांची सहल: एका बोअरवाल्याचा अभिप्राय

मी चाकणचा. बोअर मारायचा धंदा, सव्वीस वर्षं झाली. पैसे मोजून खडक बघायला चाललोय म्हटल्यावर आमच्या गाडीवरच्या पोरांनी आठवडाभर टिंगल केली. पण लेक नववीत आहे, भूगोलात विदारण, खनन, वहन, संचयन (म्हणजे खडक कुजणं, खरवडला जाणं, वाहून जाणं आणि साचणं) चालू आहे आणि ही सहल तिनेच शोधून काढली. पुण्याहून मिनीबस, नाश्ता, जेवण आणि सोबत भूगर्भशास्त्र शिकलेला एक मुलगा. माणशी साडेचौदाशे रुपये.

सुरुवात वैतागाची. साडेसहाची बस सव्वासातला आली. शिरूरला मिसळ दिली. तर्री बरी होती, पाव कालचे.

शिरूरच्या पुढे रस्त्याकडेच्या एका मुरमाच्या खाणीशी गाडी थांबली. मनात म्हटलं, झालं, ह्याचेही पैसे घेतले. मुरमात काळे गोल धोंडे रुतलेले होते. केसिंग, म्हणजे बोअरच्या तोंडाशी बसवायचा पाइप, उतरवताना असा धोंडा आडवा आला की आमच्या तोंडून काय निघतं ते इथे लिहीत नाही. माझी समजूत अशी की हे धोंडे कधीतरी पुराबरोबर आले असणार. त्या मुलाने एका धोंड्याचा पापुद्रा नखाने सोलला. खाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा, कांद्यासारखे. म्हणाला, "काका, हा कुठून आलेला नाही. इथलाच आहे." भेगांमधून पाणी शिरतं. चौकोनी तुकड्याचे कोपरे सगळ्या बाजूंनी कुजतात, म्हणून मधला गाभा गोल उरतो. कुजलेला भाग तो मुरूम, आणि तोच पुढे आणखी कुजत गेला की आपली काळी माती. म्हणजे खडक पाण्याने आधी जागच्या जागी सैल होतो, वाहून जाणं नंतरचं. सव्वीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

मग निघोज. कुकडीच्या एका काठाला पारनेर तालुक्यातलं निघोज आणि मळगंगेचं देऊळ, दुसऱ्या काठाला शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी. मधलं पात्र म्हणजे सगळा काळा पाषाण, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि तो असा पोखरलाय की कुंभाराने शेकडो रांजण मांडून मधली जागा दगडाने भरावी. फेब्रुवारी असल्याने पाणी कमी होतं, बरेच खळगे उघडे पडले होते.

एका कोरड्या खळग्यात त्याने माझा हात घालायला लावला. आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत, पोट तोंडापेक्षा रुंद. तळाशी वाळू आणि तीन गोटे, त्यातला एक लिंबाएवढा, पांढरट गारगोटीचा. पुरात पाण्याचा भोवरा होतो, भोवऱ्यात गोटे गरगरतात आणि दगड दगडाला खरवडतो. मी म्हटलं, हे तर आमचं बिट झालं, खडक फोडणारं टोक! आमच्या साडेसहा इंची बिटाला कठीण धातूची बटनं असतात, ती झिजून गेली की बिट बदलायचं. इथे गोटा झिजून संपला की पुढचा पूर नवा आणून टाकतो. आम्ही हवेने भुकटी वर उडवतो, तशी इथे पाणी ती उपसून नेतं. नाहीतर आमचा हॅमर (बिटाला ठोके देणारा) अडकतो आणि नदीचा खळगा भरून जातो. तो मुलगा खूश झाला, पुढचा अर्धा तास मलाच प्रश्न विचारत बसला. लिंबाएवढा गोटा मी खिशात घातला होता, तो मात्र परत टाकायला लावला. "काका, बिट घरी नेलं तर बोअर कोण मारणार?"

शेजारशेजारचे खळगे रुंदावत एकमेकांत फुटतात आणि नदीची घळ खोल होते, हेही तिथेच दिसतं. वरच्या कडेला, आता नेहमीचं पाणी पोचत नाही अशा उंचीवर, अर्धे तुटलेले रांजण आहेत. म्हणजे तळ एकेकाळी तिथवर होता. कडेला वाकून सेल्फी काढणाऱ्या दोघांना त्याने दोनदा हाकललं, बरं केलं. कड निसरडी आहे.

आता तक्रार. जेवणाला दीड तास गेला (पिठलं उत्तम, भाकरी थंड), आणि संचयन हा भाग परतीच्या बसमध्ये माईकवर उरकला. कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला, भीमा कृष्णेला, आणि इथली भुकटी बंगालच्या उपसागराकडे जाते, वगैरे. निम्मी बस झोपली होती. याच कुकडीवर वरच्या अंगाला, जुन्नर तालुक्यात, बोरी बुद्रुक आहे. तिथे नदीने टाकलेल्या गाळात पांढऱ्या राखेचा थर सापडलाय, सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची राख. ती सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीची की त्याहून बरीच जुनी, यावर अभ्यासकांचा वाद आहे. हे सगळं त्याने माईकवरच सांगितलं! इतकं माहीत असून बस तिकडे वळवत नाहीत, म्हणजे कमाल आहे.

पाचापैकी चार. डिसेंबर ते मे जा, टोपी न्या, खडकावर सावली अजिबात नाही. रबरी तळाचे बूट घाला. बोरीचं आयोजकांना फोन करून सांगितलंय. "सूचना नोंदवली सर" म्हणाले. लेकीचं म्हणणं, येत्या रविवारी आपलीच गाडी काढू.