आयसा मापनपत्रिका: एकूण गुण बाजूला ठेवा, सहा बेरजा बघा

स्वमग्न मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र काढायचं म्हटलं की आयसाशी (ISAA, ‘इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम’; ऑटिझम म्हणजेच स्वमग्नता) गाठ पडतेच. सिकंदराबादच्या राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेत तयार झालेली ही मापनपत्रिका 2009 मध्ये आली. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याखाली 2018 मध्ये निघालेल्या मार्गदर्शक सूचनांनी टक्केवारी ठरवण्यासाठी तीच कायम केली. एकूण 40 बाबी, प्रत्येकीला 1 ते 5 गुण. म्हणजे कमीत कमी 40, जास्तीत जास्त 200. सत्तरच्या खाली स्वमग्नता नाही, 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम, त्यापुढे तीव्र.

प्रमाणपत्रापुरतं बघितलं तर पत्रिका चांगली आहे. आपल्या देशातल्या मुलांवर बेतलेली आहे, भरायला सोपी आहे, आणि सरकारी दवाखान्यात चालते. पण पालकांचा आणि थेरपिस्टचा खरा प्रश्न वेगळा असतो: हे मूल स्वमग्नतेच्या कोणत्या गटातलं, आणि सुरुवात कुठून करायची? त्याचं उत्तर एकूण गुणांत मिळत नाही. ते पत्रिकेच्या पोटात, सहा विभागांच्या बेरजांत असतं, आणि अहवाल लिहिताना नेमक्या त्याच बेरजा गाळल्या जातात.

विभाग असे. सामाजिक संबंध (बाब 1 ते 9), भावनिक प्रतिसाद (10 ते 14), वाचा-भाषा-संवाद (15 ते 23), वर्तनाच्या तऱ्हा (24 ते 30), संवेदना (31 ते 36) आणि आकलन (37 ते 40). बाबींची संख्या सारखी नसल्यामुळे बेरजांची सरळ तुलना करता येत नाही. प्रत्येक बेरजेला त्या विभागातल्या बाबींच्या संख्येने भागा. मग प्रत्येक विभागाचा आकडा 1 ते 5 च्या पट्टीवर येतो आणि मुलाचं चित्र दिसायला लागतं.

उदाहरणासाठी दोन मुलं घेऊ. पहिल्याचे गुण क्रमाने 24, 10, 34, 13, 10, 13. दुसऱ्याचे 26, 15, 16, 22, 20, 5. दोघांची बेरीज 104. दोघंही सौम्य, दोघांनाही 60 टक्के दिव्यांगत्व. आता भागाकार करा. पहिल्याचा वाचा विभाग 3.8 वर, वर्तन 1.9 वर आणि संवेदना 1.7 वर. दुसऱ्याची वाचा 1.8, पण वर्तन 3.1 आणि संवेदना 3.3. पहिल्याला आधी स्पीच थेरपी आणि बोलण्याला पर्याय म्हणून चित्रांची वही लागेल. दुसरं मूल बोलतं, पण मिक्सरच्या आवाजाने, शर्टाच्या लेबलने, शाळेचा रस्ता बदलल्याने कोसळतं. त्याला आधी ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) हवी, आणि घरातल्या दिनक्रमाची नीट आखणी हवी. अहवालात मात्र दोघांबद्दल एकच ओळ असते: सौम्य स्वमग्नता.

गट पाडण्याची ही धडपड नवी नाही. लोर्ना विंग आणि ज्युडिथ गुल्ड यांनी 1979 मध्ये लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या मुलांचा अभ्यास मांडला. त्यातून मुलं इतरांत कशी वागतात त्यावरून तीन तऱ्हा पुढे आल्या: अलिप्त राहणारी, कुणी हात धरून नेलं तर जाणारी पण स्वतःहून न येणारी, आणि स्वतःहून येणारी पण विचित्र पद्धतीने येणारी. पुढे अ‍ॅस्पर्जर वगैरे नावांचे गट आले. ते टिकले नाहीत, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 12 विद्यापीठ केंद्रांतली 2,102 मुलं होती. चाचण्यांचे गुण केंद्राकेंद्रांत सारखेच होते, पण मुलाला कोणत्या गटाचं नाव मिळेल हे सगळ्यात जास्त त्याची तपासणी कोणत्या केंद्रात झाली यावर अवलंबून होतं. 2013 च्या डीएसएम-5 ने, म्हणजे मानसिक निदानांच्या अमेरिकन नियमपुस्तिकेने, ती नावं काढून एकच निदान ठेवलं. नावं गेली, तरी मुलांमधला फरक कुठे गेला नाही. म्हणून वागण्याची नोंद बारकाईने व्हायला हवी.

आता पत्रिका कुठे कमी पडते ते पाहू.

वाचा विभागातली अडचण सगळ्यात मोठी. तेच तेच शब्द वापरणं (17), ऐकलेलं जसंच्या तसं म्हणणं (18), अर्थहीन शब्द (21), ‘मी’च्या जागी ‘तू’ (22) या चारही बाबी बोलणाऱ्या मुलालाच लागू होतात. जे मूल बोलतच नाही त्याला इथे प्रत्येकी 1 गुण पडू शकतो. म्हणजे जास्त अडचण असलेल्या मुलाचे 16 गुणांपर्यंत कमी होतात, आणि मध्यमऐवजी सौम्य असा शेरा येऊ शकतो. यावर उपाय आहे. मूल बोलत नाही हे पहिल्या पानावर ठळक लिहा, आणि 15, 16, 19, 20, 23 या पाच बाबींची सरासरी वेगळी काढा.

सामाजिक विभागाचा कल अलिप्त मुलाकडे आहे. नजर देत नाही, हसत नाही, एकटं राहतं, कुणाकडे जात नाही, अशा बाबी तिथे भरपूर. विंग यांच्या तिसऱ्या तऱ्हेचं मूल लग्नाच्या हॉलमध्ये अनोळखी माणसापाशी जाऊन त्याच्या गाडीचा नंबर विचारतं, दहा मिनिटांनी पुन्हा विचारतं. त्याला 3 (एकटं राहणं) आणि 4 (कुणाकडे न जाणं) या बाबींत कमी गुण मिळतात आणि ‘मिसळतो की’ असा शेरा पडतो. अशा मुलाची अडचण 8 (पाळीपाळीने वागणं), 9 (बरोबरीच्या मुलांशी मैत्री), 20 (संभाषण सुरू ठेवणं) आणि 23 (प्रसंगाप्रमाणे बोलणं) इथे सापडते. या चार बाबींवर 4 किंवा 5 गुण आणि बाब 3 व 4 वर 1 किंवा 2 गुण असतील, तर तो नमुना लक्षात घ्या.

वर्तन विभागात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्यात. हात फडफडवणं (24), निर्जीव वस्तूंची ओढ (25) आणि सगळं जसंच्या तसं हवं असणं (30) ही स्वमग्नतेची मूळ लक्षणं. अतिचंचलता (26), मारणं (27), आकांडतांडव (28), स्वतःला इजा (29) ही सोबत येणारी. यांची बेरीज वेगवेगळी करा. दुसरी बेरीज एकटीच वर गेली असेल तर एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता), झोप, बद्धकोष्ठता, दातदुखी यांची तपासणी आधी. न बोलणारं मूल दुखणं वागण्यातूनच सांगतं.

संवेदना विभागाची बेरीज दिशा सांगत नाही. बाब 31 म्हणजे आवाज-स्पर्श सहन न होणं, 35 म्हणजे दुखलेलं न कळणं, 36 म्हणजे वस्तू हुंगणं-चाटणं. तिन्हींचा ओटीतला मार्ग निरनिराळा, तेव्हा इथे बाबवार गुणच वाचायचे. आकलन विभागात तर विलक्षण स्मरणशक्ती (39) आणि एखादं असामान्य कौशल्य (40) यांनीही गुण वाढतात. त्यामुळे हा विभाग वर गेला म्हणजे बुद्धी कमी, असं वाचू नका. बुद्ध्यांकाची चाचणी वेगळीच करावी लागते.

2025 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाने स्पार्क या अमेरिकन प्रकल्पातल्या 5,392 मुलांची 230 हून जास्त वैशिष्ट्यं एकत्र घेऊन चार गट मांडले. सगळ्यात मोठ्या गटात, सुमारे 37 टक्के, अशी मुलं होती जी चालली-बोलली वेळेवर, पण एडीएचडी, चिंता, नैराश्य मात्र भरपूर. आयसात चिंतेसाठी वेगळी बाब नाही, आणि बसणं-चालणं-पहिला शब्द यांची वयंही नाहीत. म्हणून पत्रिकेला एक कागद जोडा: विकासाचे टप्पे महिन्यांत, झोपेचे तास, भीतीच्या गोष्टी, फिट येत असल्यास त्याची नोंद. पुढच्या डॉक्टरला त्या कागदाचा फार उपयोग होतो.

भरताना चुका होतात त्या बहुतेक टक्क्यांवरून. गुण वारंवारतेवर आहेत: 20 टक्क्यांपर्यंत 1, चाळीसपर्यंत 2, साठपर्यंत 3, ऐंशीपर्यंत 4, पुढे 5. महिन्यातून एकदाच, पण भिंतीवर डोकं आपटून रक्त काढणाऱ्या मुलाला 29 मध्ये कमी गुण पडतात. तिथे शेरा लिहायलाच हवा. नजर देण्याबद्दल विचारताना आपल्या घरांत मोठ्यांसमोर मान खाली घालायला शिकवतात हे लक्षात घ्या आणि भावंडांशी खेळताना कसं बघतो ते विचारा. अनोळखी खोलीतल्या वीस मिनिटांवर विसंबू नका. जेवताना, खेळताना आणि पाहुणे आल्यावर, असे मोबाईलवरचे दोन-दोन मिनिटांचे तीन व्हिडिओ सोबत न्या. आईची आणि शाळेतल्या बाईंची उत्तरं वेगळ्या रंगाने भरा. दोन्हींत दोन गुणांहून जास्त फरक असेल तिथे मूल जागा बदलली की बदलतं, आणि थेरपीची दिशा तिथूनच सापडते.

पालकांना गोंधळात टाकणारी आणखी एक गोष्ट: तीव्रतेच्या पायऱ्या आणि टक्केवारीचा तक्ता एकमेकांना जुळत नाहीत. 70 गुणांना 40 टक्के, 71 ते 88 ला 50, 89 ते 105 ला 60, 106 ते 123 ला 70. त्यामुळे 106 गुणांचं मूल कागदावर ‘सौम्य’ असतं आणि त्याचं दिव्यांगत्व 70 टक्के. दोन्ही नियमाप्रमाणेच आहे. सवलतींसाठी टक्केवारी धरली जाते, तेव्हा ‘सौम्य’ शब्द वाचून अर्ज मागे घेऊ नका.

मूल्यमापन झाल्यावर फक्त एकूण गुणांचं पत्र घेऊन घरी येऊ नका. भरलेल्या पत्रिकेची, चाळीसही बाबींच्या गुणांसकट, झेरॉक्स मागा आणि तीच स्पेशल एज्युकेटर, स्पीच थेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्यासमोर ठेवा. वर्षाने पुन्हा पत्रिका भराल तेव्हा बाबवार तुलना करता येईल आणि कोणती थेरपी लागू पडली, कोणती थांबवायची, हे ठरवता येईल.