बाक्स्टच्या फॉनचा प्रिंट: चित्र कमाल, छपाईत सोनं गायब

चित्रकार लेऑं बाक्स्टच्या फॉनचा प्रिंट ऑनलाइन मागवला होता, त्याबद्दल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फॉन म्हणजे जुन्या दंतकथांमधला अर्धा माणूस अर्धा बोकड, आणि हे चित्र १९१२ च्या बॅलेसाठी काढलेलं कॉस्च्युम डिझाइन आहे. दिआगिलेव या रशियन निर्मात्याची बॅले रूस ही नृत्य कंपनी, संगीत दब्युसीचं, नाच बसवला निजिन्स्कीनं आणि फॉनही तोच झाला, पॅरिसला शातले थिएटरात. मूळ चित्र आता अमेरिकेत हार्टफर्डच्या म्युझियममध्ये आहे.

आधी चित्राबद्दलच बोलते कारण पैसे तिथेच वसूल होतात. कॉस्च्युम डिझाइन म्हणायचं खरं पण कपडे शोधायला गेलात तर हाती फार काही लागत नाही! कमरेला द्राक्षाचा वेल, छोटी शिंगं, आणि अंगभर तपकिरी डाग. हे डाग स्टेजवर थेट अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखावर रंगवलेले होते, म्हणजे कातडी कुठे संपली आणि कापड कुठे सुरू झालं हे प्रेक्षकाला कळूच नये. शिंप्याचं काम कमी आणि पेंटरचंच जास्त. जवळून बघा, डागांचे आकार वेडेवाकडे आहेत, एकासारखा दुसरा नाही, म्हणूनच ते डिझाइन न वाटता जनावराचं अंग वाटतं.

आणि गंमत बघा, चित्रात सगळं वळणावळणाचं आहे, अंगाला पीळ, बॅलेतल्या अप्सरेची ओढणी लहरत गेलेली, पण प्रत्यक्ष नाच अगदी उलट, भिंतीवरच्या ग्रीक शिल्पपट्टीसारखा चपटा, सगळे बाजूने दिसणारे, हातपाय कोनात. बॅरन अडॉल्फ दे मेयरनं त्या बॅलेचे फोटो काढलेत ते शेजारी ठेवून बघा, पटेल. माझ्या मते बाक्स्टनं इथे नाचाच्या स्टेप्स काढल्याच नाहीयेत, त्या प्राण्याची वासना काढलीय, आणि पहिल्या प्रयोगाला पॅरिसमध्ये जो गदारोळ झाला तोही शेवटी त्याच ओढणीपायी. फॉन त्या ओढणीवर ज्या पद्धतीनं आडवा होतो ते बऱ्याच जणांना झेपलं नाही, फिगारो या वर्तमानपत्राच्या संपादकानं तर पहिल्या पानावर झोडपलं, शिल्पकार रोदँ मात्र बाजूनं उभा राहिला.

आता प्रिंट. कागद जाड आहे, मॅट, पॅकिंग चांगलं, कोपरे दुमडलेले नव्हते. पण मुळात बाक्स्टनं वॉटरकलरसोबत सोनेरी रंग वापरलाय आणि तो इथे चक्क मोहरीसारखा पिवळा झालाय, चमक शून्य. साध्या छपाईत सोनं येत नाही हे मान्य, पण मग वेबसाइटवरच्या फोटोत झळाळी कशाला दाखवायची?? वर कडा इतक्या कापल्यात की ओढणी श्वास घ्यायला जागा मागतेय. पेन्सिलच्या रेघा मात्र छान उतरल्यात, त्यासाठी एक स्टार जास्त.

पाचपैकी तीन. घेणार असाल तर मोठ्या साइजमध्येच घ्या, लहानात डागांची सगळी मजा जाते, आणि फ्रेमला चकाकणारी काच लावू नका.