दीड लाख, काळी माती आणि दोन याद्या

भाच्यानं सेकंडहँड थार घेतली. डिझेल, फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना जोर देणारी, अठरा इंची चाकांची. आठवड्यात त्याची यादी आली: दोन इंचाचं लिफ्ट किट (गाडी उंच करायचं), चार मड टेरेन टायर (चिखलासाठीचे, मोठ्या ठोकळ्यांचे), विंच (रुतलेली गाडी ओढणारं दोराचं यंत्र), लोखंडी बंपर, टपावर एलईडीची पट्टी. खाली एकच ओळ, “मामा, दीड लाखात एवढं होईल ना?”

होत नाही. त्यानंच आणलेले भाव मांडले तर लिफ्ट बसवण्यासकट साठ-सत्तर हजार, टायर साठच्या घरात, विंच पन्नास, बंपर तीस-पस्तीस, लाइट दहा. बेरीज दोन लाखांच्या पुढं गेली. भाव दुकानागणिक हलतात, पण दीड लाखात ही यादी कुठंच बसणार नाही. म्हणून मी दुसरी यादी केली. दोन्ही शेजारी ठेवून काय दिसतं ते सांगतो. गाडी वेगळी असली तरी हिशोब करायची रीत हीच.

पहिला प्रश्न त्याला विचारला, गाडी जाते कुठं? नोकरी छत्रपती संभाजीनगरात, शेत गेवराई तालुक्यात गोदाकाठी. महिन्यात चार शनिवार. एका बाजूनं नव्वदेक किलोमीटर धुळे-सोलापूर हायवे आणि शेवटची अडीच किलोमीटर पांदण. शहरातलं फिरणं धरून महिन्याला बाराशे किलोमीटर, त्यात डांबर सोडून फक्त वीस. त्या विसातही खरा त्रास जून ते ऑक्टोबर. उरलेले महिने पांदण धुळीची असते, तिथून अल्टोसुद्धा जाते. म्हणजे गाडी घडवायची ती या विसांसाठी, पण उरलेल्या अकराशे ऐंशींचं वाटोळं न करता.

आता माती. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, साबणासारखी निसरडी होते आणि लोण्यासारखी चिकटते. पावसाळ्यात गावाकडं मोटारसायकलचं पुढचं मडगार्ड काढून टाकतात ते उगाच नाही. चाक आणि पत्र्याच्या मधे चिखल ठासला की चाक फिरतच नाही. जीपचंही तसंच. दुकानदार मोठा टायर सुचवतो तेव्हा हे बोलत नाही. थारच्या एलएक्स प्रकाराला (भाच्याची हीच) कंपनीचं माप २५५/६५ आर १८, व्यास साधारण ७८९ मिलिमीटर. भाच्याला हवा होता २६५/७० आर १८, व्यास ८२८. व्यास ३९ नं वाढला, पण गाडीखालची उंची वाढते त्याच्या निम्मी, म्हणजे वीस मिलिमीटर, करंगळीच्या जाडीपेक्षा थोडी जास्त. तेवढीच जागा चाकाच्या वरची जाते आणि चिखल लवकर ठासतो. वर स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०५ नं पळत असते. सगळं कंपनीच्याच मापात ठेवायचं असेल तर थारच्या एएक्स या दुसऱ्या प्रकाराचं २४५/७५ आर १६ बघा. त्याची बाजूची भिंत १८४ मिलिमीटर, एलएक्सची १६६. हवा कमी केल्यावर हीच भिंत पसरून गाडीला तोलते.

मड टेरेन की ऑल टेरेन (डांबर-माती दोन्हींसाठीचा टायर), या वादात लोक एक गोष्ट विसरतात: चिखलाखाली काय आहे? मराठवाडा सगळा सारखा नाही. गोदावरीच्या पट्ट्यात, पैठण, गेवराई, माजलगाव, गंगाखेडकडं काळी खोल आहे; टायर खाली कितीही उतरला तरी टणक काही लागत नाही. इथं रुंद टायर, कमी हवा आणि हलकी गाडी चालते. वरून तरंगत जायचं. बालाघाटावर, पाटोदा-केजच्या बरड रानात मात्र वीतभर मातीखाली मुरूम असतो. तिथं मड टेरेनचे मोठे ठोकळे चिखल कापून मुरमाला धरतात. खोल काळीत तेच ठोकळे जोर लावला की फावड्यासारखे खोदतात आणि गाडी पोटावर बसते. मड टेरेनचा खरा गुण हा की ठोकळ्यांतल्या रुंद फटींतून चिखल फेकला जातो. ऑल टेरेन काळ्या चिखलात भरून गुळगुळीत होतो, हे मी नाकारत नाही. पण हायवेवर मड टेरेन घोंघावतो, ओल्या डांबरावर ब्रेकला जास्त अंतर घेतो आणि लवकर झिजतो. बाराशेतल्या विसांसाठी तो मी घेणार नाही. ज्याचं घरच पांदणीवर आहे आणि जो रोज दूध घेऊन डेअरीला जातो, त्यानं खुशाल घ्यावा.

आणि ऑल टेरेनसोबत काय? हवा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर कंपनीनं सांगितलेला पीएसआयमधला (हवेच्या दाबाचं माप) आकडा असतो. पांदणीच्या तोंडाशी तो १८ वर आणायचा, वेग तीसच्या आत ठेवायचा, स्टिअरिंगला हिसका द्यायचा नाही. १५ च्या खाली गेलात तर टायर रिमवरून निसटायची भीती. परत डांबराला लागलं की आधी हवा भरायची, मग हायवे. कमी हवेवर वेगानं पळवली की टायर तापतो आणि फुटतो. त्यासाठी बॅटरीला लावायचा कॉम्प्रेसर, तीन-चार हजारांचा, आणि एक हवा मोजायचं मीटर. दोन्ही याद्यांत सगळ्यात स्वस्त ओळ हीच, आणि भाच्याच्या यादीत ती नव्हतीच.

लिफ्टबद्दल मी जरा कडू बोलतो, कारण माझी अक्कल त्यात खर्ची पडलीय. जुन्या जीपला शहरातल्या एका दुकानातून दोन इंच लिफ्ट करून घेतली होती. दिसायला झकास. आठ महिन्यांत प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाचा जोर चाकांकडं नेणारा दांडा) थरथरायला लागला, सांध्यांवरचे रबरी बूट फाटले, वळणावर गाडी झुकायला लागली. दुकानदार म्हणाला, “एवढं तर होतंच.” लिफ्टनं बॉडी वर जाते, मागच्या अ‍ॅक्सलचा डिफरन्शियलचा (दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरचा) गोळा जिथल्या तिथंच राहतो. तो वर नेतो फक्त मोठा टायर. मध्ये दगड असलेल्या चाकोरीत पहिला घासणारा हा गोळाच. थारला कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासूनची उंची) २२६ मिलिमीटर आहे, पांदणीला पुरतो. लिफ्टचे साठ हजार वाचले तर त्यातल्या पंधरा-वीसमध्ये खालची लोखंडी प्लेट येते. पण गेवराईच्या मऊ काळीत प्लेटवर चिखलच साठेल. प्लेट माझ्या कन्नडच्या मित्राला लागते. त्याची मारुती जिम्नी अजिंठ्याच्या डोंगररांगेतल्या वाड्यांना जाते, तिथं बेसॉल्टचे गोटे. जिम्नी १२०० किलोच्या आसपास, थार सतराशेच्या वर. चिखलात जिम्नी आपसूक वरून निघते. तिला कंपनीचा १९५/८० आर १५ टायरच बरा, पैसा प्लेटवर घालावा. त्याची यादी साठ हजारांतच संपली.

विंच. चाळीसेक किलोचं धूड, खाली लोखंडी बंपर, दोन्ही मिळून नाकावर एक माणूस बसवल्यासारखं वजन. मऊ काळीत आधी नाकच रुततं. विंच घ्यायचीच असेल तर गाडीच्या वजनाच्या दीडपट ओढणारी तरी हवी, आणि दोर बांधायला पुढं झाड हवं. बांधावर एक बाभूळ, तीही नेमकी विरुद्ध बाजूला. उलट शिवारात एक गोष्ट हमखास असते: ट्रॅक्टर. शेजारच्या वावरातल्या दादाला हाक मारली की येतो. त्याच्याकडं असते साखळी नाहीतर विहिरीचा दोर, आणि आपल्या गाडीला तो बांधायला धड जागा नसते. मग लोक टो बॉलला दोर बांधतात. ही चूक जीवघेणी आहे: ताणात तो गोळा तुटून बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. म्हणून माझ्या यादीत: पुढं-मागं चेसीला पक्के बसवलेले ओढण्याचे हुक, एक ताणणारा कायनेटिक दोर, दोन सॉफ्ट शॅकल (दोर अडकवायच्या दोरीच्या कड्या), एक फावडं. सगळं पंधरा हजारांच्या आसपास. विंच कुणाला? जो एकटा, रात्री, ट्रॅक्टर पोचणार नाही अशा डोंगरात जातो त्याला.

दोन्ही चाकं एकत्र फिरवणाऱ्या डिफरन्शियल लॉकवर खर्च करण्याआधी आपल्या गाडीत काय आहे ते बघावं. भाच्याच्या डिझेल एलएक्सला मागं यांत्रिक लॉक कंपनीनंच दिलंय. एक चाक जास्त फिरलं की ते आपोआप धरतं. जिम्नी तेच काम ब्रेकनं करते. दोन्ही अ‍ॅक्सलना हातानं लावायची लॉक हवी असतील तर बाहेरून बसवण्यापेक्षा फोर्स गुरखाच घ्या, त्यात ती कारखान्यातूनच येतात. आणि २०२३ पासून थार नुसत्या मागच्या चाकांवर चालणारीही मिळते. ती घेतलेल्यानं मड टेरेन घालून फोर बाय फोरची हौस भागवू नये.

लाइटच्या पट्टीचं थोडक्यात. समोरच्याच्या डोळ्यांत जाते, म्हणून हायवेवर झाकूनच ठेवावी लागते. उसाच्या हंगामात मागं लाल दिवाही नसलेल्या ट्रॉल्या अंधारात रस्त्यावर उभ्या असतात, ही भीती खरी आहे. पण तिच्यावर उपाय हेडलाइटचा नेम नीट करून घेणं आणि काच पुसणं.

स्नॉर्कल (इंजिनाला टपाच्या उंचीवरून हवा देणारी नळी) त्याच्या यादीत नव्हता, पण पुढच्या महिन्यात येणार हे मला माहीत होतं. थारची कंपनीनं सांगितलेली पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर, तीही उभ्या पाण्यात. वाहत्या पाण्यात सुमारे दोन फुटांवर मोठ्या गाड्याही वाहून जातात, हवा वरून घेतली म्हणून तरणार नाहीत. २०२५ च्या सप्टेंबरातले मराठवाड्याचे पूर आठवा. पुलावरून पाणी असलं की चहा प्यायचा. इंजिनात पाणी शिरलं तर साध्या विम्यात बहुधा ते बसत नाही, इंजिनासाठीचं वेगळं कवच आधी घ्यावं लागतं.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या नोंदीपेक्षा वेगळा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुढच्या लोखंडी बंपरविरुद्ध केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो. दोन्ही याद्या यावर तपासल्या तर भाच्याच्या पाचांतल्या निदान तीन गोष्टी अडकतात. माझ्या यादीत टायर कंपनीच्या मापाचे, आणि कॉम्प्रेसर-दोर डिकीत.

शेवटी त्यानं घेतलं ते असं: २५५/६५ आर १८ मध्येच ऑल टेरेन, कॉम्प्रेसर, मीटर, दोर, शॅकल, हुक. नव्वद हजारांच्या आत. उरलेले साठ त्यानं बाजूला ठेवलेत, आणि पावसानंतर रानाला वाफसा येईपर्यंत एक शनिवार घरी बसायचंही कबूल केलंय. एका गोष्टीवर मात्र अजून खटका आहे: त्यानं टायर चारच घेतले, स्टेपनी जुनी झिजलेलीच. मी म्हणतो पाच घे. पांदणीत टायर कापला आणि फोर-हायवर (चारही चाकांच्या जोरावर) गाडी काढायची वेळ आली, तर वेगळ्या व्यासाचं चाक ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरपेटीला) ताण देणार. तो म्हणतो, “मामा, तेवढ्यासाठी आणखी तेरा हजार?”

पाऊस सुरू व्हायला अजून सहा आठवडे आहेत.