नौपाड्यातलं क्लिनिक, बीपीसाठी आईला इथेच नेते

आईचं वय ६८, बीपीची गोळी बरीच वर्षं चालू. आधीच्या डॉक्टरांकडे साठीनंतर वरचा आकडा १५० पर्यंत चालतो असंच ऐकत आलो होतो, त्यामुळे इथे १४६ आल्यावर डॉक्टर कमी करूया म्हणाले तेव्हा मी सरळ विचारलं, का? तर चिडले नाहीत, समोरची गर्दी असूनही नीट समजावलं.

१५०/९० हा आकडा २०१४ च्या अमेरिकन शिफारशीतला. २०१५ मध्ये स्प्रिंट नावाचा मोठा अभ्यास आला, नऊ हजारांवर लोक होते, ज्यांचा वरचा आकडा १२० च्या खाली ठेवायचं ठरवलं त्यांच्यात हार्टचे त्रास आणि मृत्यू कमी झाले (डायबेटिसवाले त्यात नव्हते हेही डॉक्टरांनीच सांगितलं, आईला शुगर नाही), मग २०१७ मध्ये अमेरिकेने १३०/८० पासूनच हाय बीपी धरलं आणि २०२५ च्या नवीन गाईडलाईनमध्येही तेच ठेवलंय. युरोपवाले २०२४ पासून म्हणतात औषध चालू असेल आणि सोसत असेल तर वरचा १२० ते १२९ ठेवा. आपल्या सरकारी कार्यक्रमात मात्र १४०/९० च्या खाली आणायचं असतं. "काकू, तुम्हाला चक्कर येत नसेल तर १३० च्या खाली जाऊ, पण हळूहळू," असं म्हणाले.

मला सगळ्यात आवडली ती बीपी मोजायची पद्धत. आल्या आल्या पट्टा नाही लावत, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसवतात, पाय जमिनीवर, बोलायचं नाही, मग दोन्ही हातांवर बघतात, थोड्या वेळाने परत, आणि उभं करूनसुद्धा, कारण या वयात उठल्यावर बीपी पडून माणूस पडतो. आईचे दंड जाड आहेत तर मोठा पट्टा काढला, लहान पट्ट्याने आकडा उगाच जास्त येतो म्हणे. हे बाकी कुठे कुणी करत नाही हो, खरंच सांगते!

दोन गोळ्यांऐवजी एकच कॉम्बिनेशनची गोळी दिली, आई आता विसरत नाही. लघवीतल्या अल्ब्युमिनची (एक प्रोटीन) टेस्ट सांगितली, किडनीसाठी. मी लो सोडियम मिठाचं विचारलं, त्यात पोटॅशियम असतं आणि आईच्या गोळीत टेल्मिसार्टन (बीपीचं औषध, त्यानेही रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं), म्हणून रक्ताची टेस्ट बघितल्याशिवाय सुरू करू नका म्हणाले. पापड लोणचं मात्र कमी करायलाच लावलं.

त्रास एकच, संध्याकाळी वेटिंग खूप आणि गाडी लावायला जागाच नाही, स्टेशनवरून रिक्षाने या. जिना आहे, लिफ्ट नाही, वर चढून आल्यावर दम बसेपर्यंत बीपी घेऊ देऊ नका. घरचं मशीन आणि सकाळ संध्याकाळचे आकडे लिहिलेली वही बरोबर न्या, ते मशीन त्यांच्या मशीनशी ताडून बघतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत.